सासूबाईंची साक्ष

मला राग येतो. आधीही यायचा, बाप्तिस्मा झाल्यावरही येतो, आणि जे लोक मला विचारतात, "तुझ्या देवानं तुझा राग नाही का काढून घेतला?" त्यांचा तर जास्तच येतो. पाण्यात बुडी मारून वर आलं की माणूस दुसरंच होऊन निघतं असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल, तर ते खोटं आहे. मी वर आले तेव्हा माझ्या नाकात पाणी गेलं होतं, आणि बुडवणाऱ्यांनी मान जरा जास्तच दाबली म्हणून मी चिडले होते.

आमचं गाव सिहोऱ्याच्या अलीकडे. सगळं धानाचं. लग्न होऊन मी इथं आले, मग नवऱ्याला राईस मिलमध्ये काम लागलं म्हणून आम्ही तुमसरला खोली करून राहिलो, आणि सासूला लकवा मारला तेव्हा परत गावी आलो. जाताना मी साधी सून होते. परत आले ती 'हालेलुया' होऊन. गावात आम्हाला हेच म्हणतात. नळावर पाण्याचा गुंड भरायला गेले की एखादी हमखास विचारणार, "काय भेटलं वो तुले, धरम बदलून? तांदूळ देते म्हणे. शिलाई मशीन देते म्हणे."

तांदूळ! भंडारा जिल्ह्यात, धानाच्या कोठारात, तांदळासाठी मी देव बदलीन? एकीला मी सांगितलं, "शिव्या भेटल्या. तुले पायजेत काय?" तिनं ते गावभर केलं.

काय भेटलं ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण ते नळावर सांगण्यासारखं नव्हतं. माहेरी मी चौथी पोरगी. माझ्या वेळी घरच्यांनी नावच असं ठेवलं की देवाला कळावं, आता पोरी पुरे. ते नाव मी इथं लिहीत नाही. शाळेत हजेरी घेताना गुरुजी ते नाव वाचायचे, पोरं हसायची आणि मी "हजर" म्हणायची. लग्नात ते नाव बदललं, तर नवं नाव कुणी तोंडानं घेतलंच नाही. मी अमक्याची बहू झाले. तुमसरला शेजारणीचा आग्रह मोडवेना म्हणून तिच्याबरोबर एकदा प्रार्थनेला गेले. मिलच्या मागे एका खोलीत पंधरा-वीस माणसं सतरंजीवर बसलेली. तिथं एका म्हाताऱ्या बाईनं माझे दोन्ही हात धरून म्हटलं, "तू देवाचं लेकरू आहेस. त्याला तू हवी होतीस." हवी होतीस. मी इतकी रडले की शेजारीण घाबरली. हे मला भेटलं. आता याची किंमत तांदळाच्या पोत्यात करून दाखवा.

पण त्या खोलीतही माझं सगळं सुखानं चाललं होतं असं नाही. तिथं दर रविवारी साक्ष द्यायची असते. म्हणजे उठून उभं राहायचं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगायचं. कुणाची दारू सुटली, कुणाच्या पोटातली गाठ गेली, कुणाच्या पोराला नोकरी लागली. माझ्याकडे असलं काही नव्हतं. नवरा पीत नव्हता, गाठ नव्हती, पोरं आपापल्या बुद्धीनं पास-नापास होत होती. पास्टर माझ्याकडे बघायचे, मी मान खाली घालायची. एकदा ते म्हणाले, "बहन, साक्ष नसेल तर विश्वास कच्चा असतो." तो रविवार मी घरी येऊन भांडी आपटण्यात घालवला.

सासूला लकवा मारला त्याच हंगामात. उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण गेलं नाही. (जायला हवं होतं असं मला कधी कधी वाटलं, तेही सांगते.) माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, भंडाऱ्याला एका सरकारी कचेरीत आहेत. दोन मजली घर आहे. दवाखान्यातून सुट्टी मिळाली तेव्हा ते म्हणाले, आमच्याकडे जिना आहे, आईला कसं जमणार? जणू सासूला खालच्या मजल्यावर ठेवायला सरकारची मनाई होती. जाऊबाईंची कंबर दुखत होती. माझा नवरा काही बोलला नाही. तो कधीच काही बोलत नाही, देवळातही हात जोडतो आणि आमच्या प्रार्थनेतही मागे बसतो. मीच म्हटलं, आम्ही गावी जाऊन राहतो.

हे मी प्रेमानं म्हटलं का? आमच्या प्रार्थनेत प्रेमाला 'प्रीती' म्हणतात. देवाची प्रीती, शेजाऱ्यावर प्रीती. घरात हा शब्द कधी कुणी वापरलेला मी ऐकला नाही. तेव्हा माझ्या मनात प्रीती-बिती काही नव्हती. त्या जिन्याचा राग होता. पण घरी आल्यावर रोज सकाळी तिच्या अंगाखालची ओली गोधडी ओढताना एक कळलं, रागातही हात चालतात. मन म्हणत होतं, बुढे, मरतही नाहीस. हात मात्र पाठीखाली जाऊन तिला कुशीवर वळवत होते, मांड्यांतली घाण पुसत होते, कोरडं करून पावडर लावत होते. आतून प्रीती दाटून येईपर्यंत थांबले असते, तर तिच्या पाठीला किडे पडले असते. मी देवाला एवढंच म्हणायची, मला गोड कर म्हणत नाही, पण हात थांबू देऊ नकोस.

सासू काही साधी नव्हती. पेज पातळ झाली तर तोंड फिरवायची, घट्ट झाली तर थुंकायची. आणि तिचा देव्हारा. रोज संध्याकाळी तिला दिवा लावायचा असायचा. उठता येत नव्हतं. ती खाटेवरून म्हणायची, "बहू, दिवा." मी म्हटलं, "आई, मी पूजा नाही करत." तर ती म्हणाली, "तुले कोण कर म्हणते? मले इकडं आणून दे." मग मी देव्हाऱ्याचा पाट उचलून तिच्या खाटेजवळ स्टुलावर ठेवायची. तेल घालायची, वात वळून द्यायची. तिचा उजवा हात लुळा, म्हणून काडेपेटी मी धरायची आणि डाव्या हातानं काडी ती ओढायची. दोन-तीन काड्या वाया जायच्या. मग ती डावा हात कपाळाला लावायची आणि मी पाट परत जागेवर न्यायची.

या एका काडेपेटीवरून मी दोन्हीकडून मार खाल्ला. पास्टरांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "बहन, तुम्ही मूर्तीची सेवा केली." गावात कळलं तेव्हा इथली शेजारीण म्हणाली, "हालेलुयाच्या हातानं देव बाटवले." इकडे आड, तिकडे विहीर. मी पास्टरांना विचारलं, "तिला दोन्ही हात असते तर तिनं मला विचारलं असतं का?" ते म्हणाले, प्रार्थना करा. शेजारणीला मी काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही.

मग एका दुपारी पास्टर चार जणांना घेऊन मोटारसायकलींवर आले. आजारी माणसासाठी प्रार्थना करायला आलो म्हणाले. या म्हटलं. सासूला माणसं आवडतात, ती खूश झाली. प्रार्थना झाली, चहा झाला. मी कप घासायला मागे गेले तेवढ्यात एकानं फोटो काढला. पास्टरांचा हात सासूच्या डोक्यावर, सासूचे डोळे मिटलेले, पदर खांद्यावरून घसरलेला. तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. खाली लिहिलं, एक आत्मा प्रभूजवळ येत आहे, धन्यवाद द्या.

आत्मा! महिनोन्‌महिने तिची घाण मी काढायची, आणि हे आयत्या बिळावर नागोबा होऊन फोटो काढणार. आणि तोही पदर पडलेला. मी सून असून तिला तशी कुणासमोर बसू देत नाही. मी फोन करून पास्टरांना इतकं बोलले की त्यांनी फोटो काढून टाकला. पण तोवर तो हातोहात भंडाऱ्याला पोचला होता.

पुढच्याच आठवड्यात भासरे गाडी घेऊन आले. जाऊबाई बरोबर होत्या, कंबर बरी दिसत होती. हातात केळी. भासऱ्यांनी चपला काढायच्या आधीच निरोप धाडून गावातले पाच-सहा मोठे लोक बोलावले. धान कापून झालं होतं, आमच्या अंगणात मळलेलं धान वाळत घातलेलं होतं. ते एका बाजूला सारून चटया टाकल्या. सासूला उठवत नव्हतं म्हणून खाटेसकट उचलून अंगणात आणली. आणि घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, तसे पास्टरही आले. माझ्या नवऱ्यानं घाबरून त्यांना फोन केला होता. आयुष्यात एकदा काही केलं, तर हे केलं.

आमच्याकडे भासऱ्यासमोर सून तोंड उघडत नाही. डोक्यावर पदर घेऊन आड उभं राहायचं, काही सांगायचं असेल तर दुसऱ्याच्या तोंडून सांगायचं. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. तशीच दाराआड उभी राहिले.

भासरे म्हणाले, "माह्या मायले धरमातून काहाडून राहिले हे लोक. फोटो पाहा. लकव्याच्या बाईले काय समजते? हे सेवा नाही, हा धंदा हाय. मी आजच मायले घेऊन जातो."

तिला नेलं तर ती तिथं चार महिने काढणार नाही हे मला माहीत होतं. आणि मी आजवर केलेलं सगळं खोटं ठरणार होतं, गोधडीपासून पेजेपर्यंत. गळ टाकणाऱ्याची सेवा ठरणार होती. मला आजही या एका गोष्टीचा सगळ्यात जास्त राग आहे. कुणी कुणाचं तोंड धुतलं तरी लोक विचारतात, मतलब काय? नसेलच मतलब, तर? तर कुणाला पटत नाही.

तेवढ्यात पास्टर पुढं सरकले. खाटेजवळ उकिडवे बसून मऊ आवाजात म्हणाले, "आजी, घाबरू नका. तुम्ही फक्त साक्ष द्या."

मी दाराआड कपाळावर हात मारला. पण सासूनं डोळे मोठे केले. "साक्ष?" ती म्हणाली. "मले साक्ष द्याची हाय?"

पास्टरांची साक्ष म्हणजे देवानं काय केलं ते सांगणं. सासूला ती साक्ष ठाऊक नव्हती. तिला एकच साक्ष ठाऊक होती, तुमसरच्या कोर्टातली. तरुणपणी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चुलत घराण्यात भांडण झालं, तेव्हा ती कोर्टात उभी राहिली होती आणि आपल्याच माणसांच्या विरुद्ध खरं बोलून आली होती. ते प्रकरण ती अजून सांगते. साक्ष म्हणताच तिचा चेहरा पालटला. "मले बसवा," म्हणाली. नवऱ्यानं पाठीमागे उशा लावल्या. "पदर दे." त्यानं पदर डोक्यावर ओढून दिला. मग तिनं विचारलं, "कायवर हात ठेवू?"

पास्टरांचा हात पिशवीकडे गेला, आत त्यांचं काळं पुस्तक होतं. भासरे म्हणाले, "देव्हारा आना." दोघंही उठायच्या आत सासूनं डावा हात खाटेखाली लोंबवला, वाळत घातलेल्या धानाची मूठ भरली आणि म्हणाली, "याच्यावर बोलतो. खोटं बोलली त तोंडात अन्न जाऊ नोको."

मग तिनं साक्ष दिली. शब्द जड येत होते, थांबून थांबून, पण सगळ्यांना समजत होते.

"हे बहू कडू तोंडाची हाय," तिनं सुरुवात केली. "लय चिडते. परवा मले म्हणे, बुढे, तू मले मारूनच जाशीन. भाजीत मीठ नाही टाकत. डाक्टरनं सांगतलं म्हणते. मले नाही पटत."

लोक हसले. मी दाराआड लालेलाल.

"तिच्या देवाचं नाव म्या तिच्या तोंडून एकडाव आयकलं. मले उचलताना तिची कंबर लचकली, तवा म्हणाली, हे प्रभू. आन मंग शिवी देल्ली." पास्टरांनी मान खाली घातली. "मले कवाच म्हणाली नाही का तू तुहा देव सोड. दिवा म्या लावतो. काड्याची डब्बी ते धरते. दोघी मिळून एक दिवा लागते आमचा."

मग ती भासऱ्यांकडे वळली. "तू केळी आणतं, बाबू. चांगले असते. पण केळानं माही पाठ नाही पुसल्या जात. माही घाण कोण काढते, सांग ह्या लोकायले. तुवा काढली का एकडाव? तुह्या बायकोनं काढली? काढली असन त सांग, म्या इसरली असन." अंगणात कुणी हसलं नाही. "आन तू," हे पास्टरांना, "माहा फोटो काहून काढला गा? माहा पदर पडला होता ना. लाज नाही वाटली?"

पास्टर "आजी, माफ करा" असं काहीतरी पुटपुटले. सासूनं मूठ उघडून धान परत अंगणात टाकलं. "झाली माही साक्ष," म्हणाली. "आता मले आडवं करा."

पण भासऱ्यांना पाच माणसांत मागं कसं येता येईल? ते म्हणाले, "ते काहीही असो. मायले मी नेतो म्हणजे नेतो." मोठे लोक एकमेकांकडे बघू लागले. मुलगा आहे, त्याचा हक्क, असं एकानं म्हटलंही. माझा नवरा नखं बघत होता.

मी दाराआडून बाहेर आले. पदर डोक्यावर होता, तो मी काढला नाही, कारण मला बंड-बिंड करायचं नव्हतं. पण लग्नानंतर पहिल्यांदा भासऱ्यांच्या तोंडाकडे बघून बोलले. "न्या. आत्ताच न्या. आई ओल्या झाल्या आहेत, इतका वेळ बसवलंत म्हणून. कोरडं करूनच गाडीत घालावं लागेल. पाणी तापलेलं आहे. वहिनींना म्हणा, आत या, मी दाखवते कसं वळवायचं."

सगळ्यांनी जाऊबाईंकडे बघितलं. जाऊबाईंनी मोबाइल काढला. भासऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं, मग आईकडे, मग खाटेखाली टपटपणाऱ्या पाण्याकडे. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं ते रडतात की काय. मला त्यांची दया आली असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं, पण नाही आली. "पुढच्या महिन्यात जिन्याचं काही करतो, मग पाहू," असं म्हणून ते उठले. मोठे लोकही उठले. केळी चटईवरच राहिली.

पास्टर मात्र फाटकाशी घुटमळले. डोळे भरले होते त्यांचे, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "बहन, हीच तुमची साक्ष. रविवारी येऊन सांगा. मंडळीला फार बळ मिळेल."

मी म्हटलं, "ती माझी नाही, तिची आहे. तिनं तुम्हाला दिली, मला दिली, माझ्या भासऱ्याला दिली. तिथं नेऊन मी ती परत विकणार नाही." त्या रविवारी मी प्रार्थनेला गेले, सतरंजीवर बसले, साक्षीची वेळ आली तेव्हा बसूनच राहिले. या वेळी मान खाली घातली नाही.

त्या दिवशी मात्र सगळे गेल्यावर खाट आत घेतली आणि पाणी घेऊन बसले. राग मावत नव्हता. चार माणसांसमोर कडू तोंडाची म्हणाली. मिठाचं सांगितलं. शिवीचं सांगितलं. मी तिला जोरजोरात पुसत होते.

"हळू," ती म्हणाली. "चामडं निघन."

"कायले सांगतलं सगळ्या गावाले?" मी तिच्याच बोलीत ओरडले. "चांगलं एक नाही सांगता आलं?"

"साक्ष होती. खोटी देऊ काय?" मग म्हणाली, "चांगली असतीस त लोकायले वाटलं असतं का तू कायच्या तरी लालचीनं करून राहिली. तू चिडतं आन तरी करतं. म्हणून पटलं त्यायले."

फडकं हातातच राहिलं. मी विचारलं, "आन तुमाले? तुमाले काय वाटते, म्या कायसाठी करतो?"

सासूनं डोळे मिटले होते. मला वाटलं झोपली. मग तिनं डाव्या हातानं माझ्या मनगटावर हळूच चापट मारली.

"पाणी थंडं झालं," ती म्हणाली. "गरम आण, माय."

आजवर ती मला बहू म्हणत आली होती. मी गुंड उचलला आणि चुलीकडे गेले.